गाळलेलं काळं पान

आठवड्यातले सहा दिवस मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि रविवारी त्याच इमारतीत, त्याच फळ्यापुढे, माझ्याहून वयाने मोठ्या विद्यार्थ्यांना शिकवते. या रविवारच्या कामाला कागदोपत्री 'समंत्रक' असा शब्द आहे. हिंगोलीत तो कुणी उच्चारत नाही. "रविवारच्या मॅडम" म्हणतात. शिक्षण अर्धवट राहिलेल्या माणसांना घरकाम, शेती, नोकरी सांभाळून बी.ए. करता यावं म्हणून ही केंद्रं असतात. वर्ग कमी, पुस्तकं घरपोच, शेवटी एक प्रकल्प आणि त्यावर तोंडी परीक्षा. माझं काम म्हणजे पुस्तक आणि माणूस यांची गाठ घालून देणं. गाठ बसते की नाही, हे मात्र माझ्या हातात नसतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. सैन्यातून निवृत्त झालेला एक जवान प्रश्न विचारला की टाचा जुळवून उभा राहायचा; "बसून सांगा" म्हटलं की त्याला उत्तर आठवत नसे. एक नवराबायको दोघं एकाच वर्षाला होते. दोघांचे गृहपाठ एकाच अक्षरात यायचे, आणि ते अक्षर बायकोचं होतं. मी विचारलं तर नवरा म्हणाला, "मॅडम, मी सांगतो, ती लिहिते." बायको खाली बघून हसली, त्यावरून कोण सांगतं ते कळलं. डोंगरकडा गावचे दत्तराव साठीला टेकलेले, चांगली बागायत असलेले शेतकरी. त्यांना बी.ए. कशासाठी हवं होतं? "सून बी.एड. हाये. घरात तिचंच चालून राहिलं," एवढंच कारण.

आणि सुमित्रा. शिरड शहापूरकडची अंगणवाडी सेविका. वर्गात पहिल्या बाकावर, पिशवीत डबा आणि छत्री, मोबाइल पिशवीच्या तळाशी. तिला पदवी हौसेसाठी नको होती. पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी पदवी लागते आणि वयाची अट असते. पुढच्या वर्षी ती अट ओलांडणार होती. म्हणजे हेच वर्ष. मला तिने हे पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मग पुन्हा कधी काढलं नाही. पण दर रविवारी ती वर्गात शिरली की मला ते आठवायचं आणि माझा जीव जागेवर राहायचा नाही.

त्या वर्षी प्रकल्पाचा विषय आला: दोन विज्ञानकथांची तुलना, त्यांतली मूल्यं आणि संदर्भ यांच्या अंगाने.

हे बाहेरच्यांना अवघड वाटतं, तसं नाही. मूल्य म्हणजे माणूस कशासाठी तकलीफ सोसायला तयार आहे ते. संदर्भ म्हणजे तो कुठे आणि केव्हा उभा राहून बोलतोय ते. मी वर्गात एकच वाक्य फळ्यावर लिहिलं: "लाइट आली!" माझ्या लहानपणी गल्लीत हे वाक्य पोरं नाचत ओरडायची. आज हेच वाक्य शेतकरी मध्यरात्री पंपाचा दिवा लागलेला बघून म्हणतो आणि शिवी हासडून अंथरुणातून उठतो. वाक्य तेच आहे. काळ वेगळा, जागा वेगळी, म्हणून किंमत वेगळी. वर्ग हसला. दत्तराव म्हणाले, "शिवी बी लिहा न मॅडम, अर्धंच लिहिलं तुमी."

नेमलेल्या दोन कथा एकाच जुन्या संग्रहात होत्या. संग्रह बाजारात मिळत नव्हता. केंद्राकडे एक प्रत होती, ती मी बसस्थानकाजवळच्या गजूभाऊकडे झेरॉक्सला दिली. तिथून सगळ्यांनी आपापली प्रत घ्यायची. नेहमीचीच पद्धत.

पहिली कथा जुनी. धरणं, कारखाने, पंचवार्षिक योजना यांच्यावर लोकांचा भरवसा होता त्या काळातली. एक शास्त्रज्ञ आकाशात प्रचंड आरसा बसवतो. सूर्य मावळला की आरसा उघडतो आणि शेतांवर उजेड पडतो. शेवटी तो आपल्या लहान मुलीला खांद्यावर घेऊन माळावर उभा राहतो आणि आता अंधाराचं भय कधीच नाही असं तिला सांगतो.

दुसरी अलीकडची. दुसऱ्याच लेखकाची. एका शहरात रात्रच उरलेली नाही, कारण वर कायमचा उजेड आहे. ज्यांना परवडतं ते अंधार विकत घेतात, जाड भिंतींच्या खोल्यांत. एक परिचारिका आहे. तिला झोप मिळत नाही, तिचं बाळ झोपत नाही. ती थोडासा अंधार चोरायला निघते.

मला मिळालेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत याचं तयार उत्तर होतं. पहिल्या कथेत विज्ञानावरील श्रद्धा, दुसऱ्या कथेत विज्ञानाविषयीची भीती. पहिलीचा संदर्भ राष्ट्रउभारणी, दुसरीचा बाजार. दोन रकाने करा, मुद्दे मांडा, झालं.

त्या दिवसांत हळद काढणी, शिजवणी चालू होती. वर्ग रिकामा. हट्टा, वसमतकडचे तर कुणीच फिरकत नव्हते. जे यायचे त्यांच्या नखांत पिवळेपणा असायचा आणि डोळे पेंगुळलेले. मी तुलनेची पद्धत शिकवत राहिले, कथा घरी वाचा म्हटलं. प्रकल्प बांधून आले. मी ते चाळले तेव्हा बहुतेकांवर ऑनलाइन सेंटरवाल्याचा छाप होता. आजकाल मोबाइलला विचारलं की तो पाचशे शब्द लिहून देतो, आणि सगळ्यांना बराबर तेच देतो. ते मला नवं नव्हतं. मी तोंडी परीक्षेची वाट बघत होते, कारण तिथे मोबाइल बाहेर ठेवावा लागतो.

फक्त सुमित्राचा आणि दत्तरावांचा प्रकल्प हाताने लिहिलेला होता. दोघांच्या शीर्षकात 'पूर्वार्ध आणि उत्तरार्ध' असे शब्द होते. मला वाटलं, पहिली कथा, दुसरी कथा असं म्हणायचं असेल. हळदीच्या गडबडीत मी आत शिरले नाही.

तोंडी परीक्षेच्या आधीच्या रविवारी वर्ग भरला. मी म्हटलं, चला, कथा सांगा.

सुमित्रा उठली. "त्या सरांनी आरसा बसवला मॅडम. लेकीला खांद्यावर घेतलं. मंग ती लेक मोठी झाली, दवाखान्यात नर्स झाली..."

"थांबा. कोणती लेक?"

"त्या सरांचीच की."

मी इतरांकडे पाहिलं. माना हलत होत्या. दत्तराव म्हणाले, "बापाचं नाव पुढं येत न्हाई, मेला असंल. पण लेक तीच."

मी तिची झेरॉक्स हातात घेतली. आरसा उघडला, मुलगी खांद्यावर, पान संपलं. पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीत: ती आता फार थकली होती. मध्ये काहीच नाही. कथेचं नाव नाही, लेखकाचं नाव नाही. माझ्या मूळ पुस्तकात त्या जागी एक अख्खं पान होतं. पूर्ण काळं, आणि त्यावर बारीक पांढऱ्या अक्षरांत कथेचं व लेखकाचं नाव.

मी वर्ग तसाच सोडून गजूभाऊच्या दुकानात गेले. तो मशीनचं झाकण उघडून आत फुंकर मारत होता.

"गजूभाऊ, एक पान गाळलंत तुम्ही."

"कोणतं? ते काळं?" त्याला चांगलं आठवत होतं. "मॅडम, त्याच्यावर काही नव्हतंच. नुसतं काळं. एकेक कॉपी मारायला लागलो त टोनर खाऊन राहिलं. म्हटलं, ह्या पोरांच्या काय कामाचं हे?"

"त्यावर नाव होतं."

"इतक्या बारीक अक्षरात नाव टाकतेत व्हय कोणी?"

मी परत आले.

आता काम सोपं होतं, असं मला वाटलं. मी सुमित्राची प्रत उचलली, पिना काढल्या आणि तिचे दोन भाग करून टेबलावर ठेवले. "इथे एक गोष्ट संपते. इथे दुसरी सुरू होते. दोन लेखक. दोघांमध्ये एका पिढीहून जास्त अंतर आहे. ती मुलगी आणि ही परिचारिका यांचा काही संबंध नाही."

वर्ग गप्प झाला. चूक कळल्यावर वर्ग गप्प होतो, तसं हे नव्हतं. मी कुणाच्या तरी घरचं काही बोलून बसले की काय असं वाटावं, तसं होतं.

दत्तराव आधी बोलले. "काहून तोडता मॅडम? चांगली एक होती."

"एक नव्हतीच ती."

"आमी वाचली तवा एकच होती."

मग सुमित्रा. ती टेबलावरच्या दोन भागांकडे बघत होती. "दोन केल्या की मंग कुणाचंच काही राहत न्हाई, मॅडम. बापानं लेकीसाठी उजेड आणला, आन् त्याच उजेडानं लेकीची झोप गेली. म्हणून तर मला रात्रभर कसंतरी झालं. आता तो बाप कुणाचा तरी, ही लेक कुणाची तरी. कुणी कुणाला विचारायचं?"

मी इतकी वर्षं तुलना शिकवली. रकाने आखले, साम्य इकडे, भेद तिकडे. दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर कुणाला दुखलं असं कधी झालं नव्हतं.

दत्तराव काही ऐकायला तयार नव्हते. "मला तर आरसा पायजे. आठवड्याआड रात्रीची लाइट येते, हळदीत पाणी द्यायला बॅटरी घेऊन फिरावं लागतं, पायाखाली काय हाये दिसत न्हाई. झोपेचं मागून बघू."

"तुमाला काय," सुमित्रा वळून म्हणाली, "तुमचा गडी जातो. आमच्या घरी हे जातेत. ते शेतात जागे, मी घरी जागी. ह्यांना उजेड पायजे, मला झोप पायजे. आन् दोघांचं बी बराबर हाये."

"मंग तुझ्या मालकाला आरसा, तुला काळी खोली. झालं की वाटप."

वर्ग हसला. ती हसली नाही. मीही नाही. मूल्य आणि संदर्भ या दोन शब्दांसाठी मी जे दोन महिने घसा कोरडा केला होता ते या दोघांनी दोन मिनिटांत माझ्यासमोर मांडून ठेवलं होतं, आणि तेही चुकीच्या कथेवरून. परीक्षेत याला शून्य होतं. कारण प्रश्न दोन कथांचा होता आणि यांनी एकच वाचली होती.

घड्याळ पुढे सरकत होतं. मी माझी जागा घेतली आणि जे पुस्तिकेत होतं ते फळ्यावर लिहिलं. श्रद्धा. भीती. राष्ट्रउभारणी. बाजार. म्हटलं, हे पाठ करा.

तो आठवडा सुमित्राचे फोन येत राहिले. तिच्या मागे पोरांचा कलकलाट, एखादं लेकरू रडतंय, कुणी ताट आपटतंय.

"मॅडम, पहिलीचा काळ स्वातंत्र्यानंतरचा न?"

"हो."

"दुसरीची ती बाई कुणाचीच न्हाई न?"

"कुणाचीच नाही, सुमित्राताई. ती दुसऱ्या लेखकाची."

"व्हय." मग, "तोंडात त्या सरांचीच लेक येते हो."

"येऊ देऊ नका. लेक म्हणू नका, 'नायिका' म्हणा."

"नायिका," ती म्हणायची. मग मागच्या पोरावर ओरडायची, "ए, खिचडी सांडू नको रे," आणि पुन्हा, "नायिका."

मी तिला रोज हेच म्हणायला लावत होते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना माझ्याच डोक्यात ते घोळायचं. विज्ञानावरील श्रद्धा, विज्ञानाविषयीची भीती. दोन्ही वाक्यं खोटी नव्हती. पण ती ऐकताना मला बसवत नव्हतं.

परीक्षक बाहेरगावचे होते. बसने आलेले, बिनसाखरेचा चहा घेणारे, सरळ गृहस्थ. परीक्षा सुरू होण्याआधी मी त्यांना झालं ते सांगितलं. लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता, प्रकल्पांवर 'पूर्वार्ध, उत्तरार्ध' लिहिलेलंच होतं.

ते आधी मनापासून हसले. काळं पान, टोनर, गजूभाऊ, सगळ्याला हसले. मग चष्मा पुसला. "मॅडम, हसायला ठीक आहे. पण मी मार्क कशाला देऊ? ज्यांनी दोन कथांची तुलनाच केली नाही त्यांना?"

"तोंडी विचारा. त्यांना आता माहीत आहे."

"ठीक. जो दोन कथा वेगळ्या सांगेल, दोन्हींचं मूल्य आणि संदर्भ सांगेल, तो पास. जो अजून एकच म्हणेल, त्याने पुढच्या सत्रात नवा प्रकल्प द्यावा. मान्य?"

नियम रास्त होता. मी मान्य म्हटलं. पुढचं सत्र म्हणजे सुमित्रासाठी संपलं, हे त्यांना सांगावं का, असा विचार आला. सांगितलं नाही. परीक्षकाला कुणाची गरज सांगायची नसते, ही आमच्या कामातली शिस्त. ती मी पाळली आणि खुर्चीच्या कडेवर बसून राहिले.

मोबाइलकडून लिहून घेतलेल्यांची तारांबळ उडाली, पण बरेचसे निभावले. माझा फळा त्यांना पाठ होता. मग दत्तराव आले.

"काका, दोन्ही कथांतला मुख्य फरक सांगा."

दत्तरावांनी टोपी सारखी केली. "सर, मॅडमनी दोन सांगितल्या, मला मान्य हाये. पुस्तकात दोन असतील. पण खरं विचाराल तर गोष्ट एकच हाये. आरसा बसवणारा आधी, भोगणारा मागून. ह्याला तुमी दोन गोष्टी म्हणता, आमी त्याला बाप आन् लेक म्हणतो."

परीक्षकांनी त्यांना पुन्हा संधी दिली. दोनदा दिली. दत्तराव हलले नाहीत. बाहेर जाताना मला म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, पुढच्या सत्रात देतो. सून काही पळून जात न्हाई."

मग सुमित्रा. साडीचा पदर खोचलेला, हात मांडीवर, नजर परीक्षकांच्या मागच्या भिंतीवर.

"पहिल्या कथेविषयी सांगा."

"पहिल्या कथेत विज्ञानावरील श्रद्धा हे मूल्य दिसते. या कथेला राष्ट्रउभारणीचा संदर्भ आहे." एक शब्द इकडेतिकडे नाही. 'हाये' नाही, 'न्हाई' नाही. माझ्या फळ्यावरचं वाक्य माझ्याच आवाजाच्या चालीत येत होतं.

"दुसरी?"

"दुसऱ्या कथेत विज्ञानाविषयीची भीती हे मूल्य दिसते. या कथेतील नायिका..." ती तिथे अडली. "नायिका ही बाजाराची बळी आहे."

परीक्षक मान डोलवत लिहीत होते. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी मोकळेपणाने विचारलं, "ते झालं. तुम्हाला स्वतःला काय वाटलं हो या कथा वाचून?"

हा प्रश्न आमच्या तयारीत नव्हता.

सुमित्राने माझ्याकडे पाहिलं. मला दिसत होतं, ते तिच्या तोंडाशी आलं होतं: रात्रभर कसंतरी झालेलं, शेतात जागा असलेला नवरा, घरी जागी असलेली ती, ह्यांना उजेड आणि मला झोप. एवढं बोलली असती तर त्या गृहस्थांना ते आवडलंही असतं, असं मला आज वाटतं. पण त्यात लेक आली असती. लेक आली की बाप आला असता, आणि गोष्ट एक झाली असती. मी 'नको' म्हणून मान हलवली नाही. हलवायची गरज पडली नाही.

ती पुन्हा भिंतीकडे वळली. "दोन्ही कथा आवडल्या सर. पहिल्या कथेत विज्ञानावरील श्रद्धा..."

"पुरे, पुरे," परीक्षक हसून म्हणाले. "छान तयारी आहे."

पुढचं इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणाला घोर राहायला नको. ती पास झाली. तिचा अर्ज मुदतीत गेला. आज ती पर्यवेक्षिका आहे आणि तिच्या हाताखालच्या सेविका तिला टरकून असतात असं ऐकते. दत्तरावांनी पुढच्या सत्रात दुसऱ्याच विषयावर प्रकल्प दिला आणि घरात सुनेचंच चालतं ते चालतंच. ज्याला थांबणं परवडत होतं तो मनातलं बोलला, जिला परवडत नव्हतं ती फळ्यावरचं बोलली. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. आणि तिला पुन्हा शिकवायची वेळ आली तर मी पुन्हा तेच पाठ करून घेईन. एवढं सगळं मला पटलेलं आहे, तरी तो दिवस आठवला की मी हातातलं काम सोडून उठते आणि घरात उगाच चार फेऱ्या मारते.

त्या दिवशी परीक्षा संपल्यावर ती व्हरांड्यात माझ्यासाठी थांबली होती. गावी जाणारी औंढ्याकडची बस धरायची होती तरी थांबली होती.

"मॅडम, मी बोलले ते बराबर झालं न?"

"अगदी बरोबर झालं."

"एक बी शब्द चुकला न्हाई न?"

"नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. अंगणवाडीत आलेल्या लेकराला ताप आहे का बघतात, तसं.

"मंग तुमचं तोंड असं काहून झालंय?"

"ऊन लागलंय," मी म्हणाले. "पळा, बस सुटेल."